अर्धांगानंतरची पावलं (लेखांक ५) : पोटरीचा टोला

गेल्या आठवड्यात आपण उभ्यानं तोल सावरण्याविषयी बोललो. आज पाऊल टाकू.

अर्धांगवायूनंतर काही महिन्यांनी बऱ्याच घरांत एक प्रश्न निघतो. "पलंगावर पडून पाय रेटायला सांगितलं की बाबा चांगला जोर लावतात. मग चालताना तोच पाय मागे का राहतो?"

विटीच्या टोकावर दांडू कितीही दाबून धरला तरी विटी उडत नाही; टोलाच मारावा लागतो. स्नायूचंही तसंच आहे. स्नायूनं किती जोर लावला ही त्याची ताकद. तो जोर किती वेगानं लावला हेही हिशेबात धरलं की होते शक्ती, म्हणजेच 'मसल पॉवर'.

चालताना हा टोला मुख्यतः पोटरी मारते. मागच्या पायाची टाच उचलली जाते, चवडा जमिनीला रेटा देतो आणि पाय पुढे झेपावतो. या रेट्याला वेळ मिळतो सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. अर्धांगवायूत मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या वाटेला इजा झालेली असते. त्यामुळे स्नायूकडे येणारे संदेश कमी होतात, मंदही होतात. पलंगावर दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात पोटरी जोर गोळा करते. चालताना ही सवड नसते. मग माणूस कंबर उचलून पाय बाहेरून फिरवतो आणि चार पावलांत दमतो.

विसाव्या शतकाच्या मध्यात लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्यानं उपचारांची जी पद्धत रुजवली, तिच्यात जोराचे व्यायाम टाळले जात; अशा व्यायामांनी पायाचा ताठरपणा वाढेल ही भीती होती. पुढच्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही. मात्र आणखी एक गोष्ट दिसली : ताकद वाढली म्हणजे चाल आपोआप सुधारतेच असं नाही. म्हणून व्यायामात वेगही हवा आणि चालण्याचा सरावही हवा.

घरी करण्याजोगे दोन प्रकार सांगतो. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून चटकन उठायचं आणि सावकाश बसायचं. ओट्याला धरून टाचा झटकन उचलायच्या आणि हळू टेकवायच्या. श्वास रोखायचा नाही. कमजोर बाजूला घरातलं कुणीतरी उभं हवंच. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको. किती वेळा करायचं ते फिजिओथेरपिस्ट ठरवतील.

प्रगती मोजायला घड्याळ पुरे. घरात किंवा अंगणात १० मीटरची सरळ वाट आखा. रेघेच्या दोन पावलं अलीकडून चालायला लागा, पलीकडच्या रेघेनंतर दोन पावलांनी थांबा. वेळ मोजायची ती फक्त मधल्या १० मीटरची. अमेरिकेतल्या डॉ. जॅकलिन पेरी यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या वर्गवारीनुसार २५ सेकंदांहून जास्त लागले तर चालणं साधारण घरापुरतं राहतं. साडेबारा सेकंदांच्या आत आलं, तर माणूस बाजारहाटालाही मोकळा होतो.

हा आकडा दर रविवारी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पुढच्या लेखांकात चालताना चवडा का लोंबतो ते पाहू. तोवर तुमच्याकडे पहिली नोंद तयार असू द्या.