साथीदाराचा कान : चेट अ‍ॅटकिन्स

१० जानेवारी १९५६ रोजी नॅशव्हिलमध्ये एल्विस प्रेस्लीचं ‘हार्टब्रेक हॉटेल’ ध्वनिमुद्रित झालं. एल्विसला एकवीस वर्षं पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. लीड गिटारवर स्कॉटी मूर होता. ऱ्हिदम गिटार ज्याच्या हातात होती, तो खरं तर अमेरिकेतल्या अव्वल गिटारवादकांपैकी एक; पण त्या गाण्यात त्याने कुठेही स्वतःला पुढे केलेलं नाही. उलट हा पोरगा काय गातोय ते ऐक, म्हणून त्याने फोन करून बायकोला स्टुडिओत बोलावून घेतलं. चेट अ‍ॅटकिन्स त्याचं नाव. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीने नॅशव्हिलमधला कारभार त्याच्याकडे सोपवला.

वादकाने संयोजनाकडे वळणं आपल्याला नवं नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवता वाजवताच हिंदी चित्रपटसंगीताचे मोठे संयोजक झाले. पण मुंबईच्या संयोजकाला संगीतकाराच्या नावाआड काम करावं लागे. चेटच्या हाती निवडीचीच सत्ता आली: कोणत्या गायकाला करारबद्ध करायचं, कोणतं गाणं घ्यायचं, कोणतं वाद्य वाजेल आणि कोणतं वाजणार नाही. ती त्याने वादकाच्या कानाने वापरली. त्याचं यश त्यातून आलं आणि त्याच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेपही त्यातूनच.

त्याचा जन्म २० जून १९२४ चा, टेनेसी राज्यातल्या लट्रेल या खेड्यातला. घरी गरिबी आणि जोडीला दमा. आडवं झोपता येत नसे, म्हणून हा मुलगा खुर्चीत बसून डोळा लागेपर्यंत गिटार वाजवायचा. शाळेत सरावासाठी स्वच्छतागृहात जायचा, कारण तिथे आवाज छान घुमत असे. खोलीसुद्धा वाद्याइतकीच बोलते, हे त्याला तेव्हाच उमगलं असावं.

सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्रावर तो मर्ल ट्रॅव्हिसला ऐकत असे. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरणार आणि त्याच वेळी वरच्या तारांवर गाण्याची चाल वाजणार, अशी ट्रॅव्हिसची पद्धत. रेडिओवर हात दिसत नाही. ट्रॅव्हिस अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच हे सगळं साधत होता. चेटने मात्र ऐकून अंदाज बांधला, की यासाठी आणखी बोटं लागतच असणार. त्याने ती कामाला लावली आणि त्यातून त्याची स्वतःची, ट्रॅव्हिसहून वेगळी शैली उभी राहिली. मला त्याच्या निर्मितीचं मूळ इथे दिसतं. खर्ज, ठेका आणि चाल हे तीन थर ज्याच्या एकाच हातात वेगवेगळे नांदतात, त्याला स्टुडिओतल्या आठ-दहा वादकांतही कोण कोणाच्या वाटेत येतंय ते लगेच कळतं.

रेडिओवरच्या नोकऱ्या मात्र टिकत नव्हत्या. मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या केडब्ल्यूटीओ केंद्राने त्याला काढलं, कारण त्याचं वाजवणं पुरेसं ‘कंट्री’ वाटत नव्हतं. १९४७ साली आरसीएच्या स्टीव्ह शोल्सने त्याला करारबद्ध केलं, १९५० मध्ये तो कार्टर भगिनींबरोबर नॅशव्हिलला आला, आणि मग हँक विल्यम्सपासून एव्हर्ली ब्रदर्सपर्यंत अनेकांच्या ध्वनिमुद्रणांत त्याची गिटार वाजू लागली.

तिथली कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. तीन तासांचं सत्र, त्यात तीन-चार गाणी. बहुतेकदा समोर स्वरलिपी नसे. वादक गाणं एकदा ऐकत आणि कोणी कुठे भरायचं ते तिथेच ठरवत. पियानोवर फ्लॉइड क्रेमर, बासवर बॉब मूर, ड्रमवर बडी हार्मन, अशी ठरलेली मंडळी. चेट त्यांच्यातलाच असल्यामुळे त्याला हुकूम सोडावे लागत नसत.

१९५७ साली आरसीएचा गायक जिम रीव्हज याने ‘फोर वॉल्स’ मायक्रोफोनला ओठ जवळजवळ टेकवून, अगदी हळू आवाजात गायलं. कंपनीत कुरकुर झाली, चेट मात्र त्याच्या पाठीशी उभा राहिला. दोन वर्षांनी आलेल्या ‘ही’ल हॅव टु गो’मध्ये ही पद्धत पूर्णत्वाला गेली. फिडल नाही, स्टील गिटार नाही. पियानो, व्हायब्राफोन आणि मागे अनिता केर यांच्या समूहाचे मंद स्वर. सगळं रचलंय ते रीव्हजच्या खर्जाला जागा मिळावी म्हणून. हे गाणं पॉपच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. रीव्हजचा आवाज पुढे आपल्याकडेही पोचला. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत तो आजही ऐकला जातो.

रॉक अँड रोलच्या लाटेत कंट्री संगीताचा बाजार खचत असताना या ‘नॅशव्हिल साउंड’ने त्याला तारलं. पण फिडल आणि स्टील गिटार बाजूला सारणं म्हणजे हे संगीत ज्यांच्यातून आलं त्या डोंगरातल्या माणसांचा आवाजच बाजूला सारणं होतं, आणि त्या माणसांत चेटचं स्वतःचं गाव आलं. आपण हे संगीत त्याच्या मुळांपासून फार दूर नेलं, अशी खंत त्याने पुढे स्वतः बोलून दाखवली. ती मला रास्त वाटते. एखाद्या गाण्यात वाद्य गाळणं ही कला आहे. गावभर तोच रिवाज झाला, की नुकसान होतं. वेलन जेनिंग्जसारखे गायक पुढे याच चाकोरीविरुद्ध उभे राहिले, आणि जेनिंग्जलाही आरसीएत आणलं होतं चेटनेच.

चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकासाठी कंपनीत शब्द टाकला तोही चेटनेच. १९६६ साली प्राइडची पहिली तबकडी रेडिओ केंद्रांकडे त्याच्या छायाचित्राशिवाय धाडली गेली. त्या काळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला वर्णभेद लक्षात घेतला, तर या निवडीचं मोल चेटच्या चौदा ग्रॅमींहून मी अधिक मानतो.

१९८२ मध्ये चेटने आरसीए सोडली आणि पुन्हा मनासारखं वाजवू लागला. १९९० साली गिटारवादक मार्क नॉफ्लरबरोबरचा त्याचा ‘नेक अँड नेक’ हा अल्बम आला. ३० जून २००१ रोजी नॅशव्हिलमध्येच त्याचं निधन झालं.

नॅशव्हिलच्या कित्येक गाण्यांत कोणी काय वाजवलं हे आज सांगता येतं, कारण वादक संघटनेच्या करारपत्रांवर प्रत्येक सत्रातल्या वादकांची नावं नोंदलेली असत. आपल्याकडच्या असंख्य मराठी-हिंदी गाण्यांवर मात्र वादकाचं नाव कुठेच नाही. त्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे काही जण अजून आपल्यात आहेत. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, तर त्याच्याकडे जा, कोणत्या गाण्यात काय वाजवलं ते विचारा आणि तारखेसकट लिहून ठेवा.