पाण्याखालच्या घड्याळाची सत्तर वर्षे

मालवण-तारकर्लीची स्कूबा सहल आता सोलापूरकरांना नवी राहिलेली नाही. पहिल्या डुबकीत प्रशिक्षक हात धरून नेतो, वेळेवर त्याचेच लक्ष असते; घड्याळाची गरज पडत नाही. पण ज्यांना समुद्राची ओढ लागते, जे रीतसर अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र घेतात, त्यांच्यापुढे प्रश्न येतो: मनगटावर काय बांधायचे? मोठमोठे आकडे छापलेली घड्याळे बाजारात पुष्कळ आहेत. त्यांतले कामाचे कोणते, हे या घड्याळांचा प्रवास पाहिला की कळते.

१९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग हे पाठीवर वाहायचे श्वसनयंत्र बनवले आणि पाणबुड्या वरच्या नळीतून मोकळा झाला. मोकळीक आली तशी जबाबदारीही आली. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. फार वेळ खाली राहून झटकन वर आले, तर त्याचे बुडबुडे होऊन जीवावर बेतते. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यात ६० फुटांवर ६० मिनिटे ही मर्यादा होती. त्याहून जास्त थांबले तर वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणे भाग. म्हणजे पाण्याखाली मिनिटांचा हिशेब चुकवून चालत नाही.

या गरजेतून १९५३ साली ब्लांपॅनचे ‘फिफ्टी फॅदम्स’ आले, त्याच सुमारास रोलेक्सचे ‘सबमरीनर’. दोन्हींत तबकडीभोवती फिरणारी कडी होती, तिलाच बेझल म्हणतात. उतरताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची; मग किती मिनिटे झाली ते नजरेसरशी कळते. पुढे ही कडी एकाच दिशेने फिरणारी झाली. धक्का लागून सरकली तरी वेळ जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. पाणबुड्या लवकर वर येतो, उशिरा नाही. इतक्या साध्या युक्तीने किती जीव जपले असतील!

आपल्याकडे १९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटीझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळे बनवायला सुरुवात केली. ‘जनता’ घराघरांत पोहोचले, पण आंघोळीआधी ते काढून ठेवायचे, ही शिस्त होती. १९६५ साली जपानच्या सेइकोने १५० मीटरचे पहिले डायव्हर बनवले. १९९६ च्या ‘एसकेएक्स००७’ने तर २०० मीटरचे भक्कम स्वयंचलित घड्याळ नोकरदाराच्या आवाक्यात आणून ठेवले.

१९८२ साली आयएसओ ६४२५ हे मानक आले आणि विश्वासाला कसोटी मिळाली. किमान १०० मीटर क्षमता, लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबाची चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता येणे, घड्याळ चालू असल्याची खूण दिसणे. साध्या घड्याळावरचे ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ ही मात्र फक्त शिंतोड्यांपुरती हमी. तिच्या भरवशावर डुबकी मारू नये.

१९८३ च्या ‘एज’ या यंत्रापासून डाइव्ह कॉम्प्युटर वापरात रुळू लागला. तो खोली आणि वेळ एकत्र मोजून उरलेली मिनिटे सांगतो. २०२२ साली अ‍ॅपल वॉच अल्ट्राने ४० मीटरपर्यंत खोली मोजण्याची सोय साध्या स्मार्टवॉचच्या ग्राहकापर्यंत नेली. म्हणून माझे स्पष्ट मत: हाती पैसे मोजके असतील तर आधी कॉम्प्युटर घ्या, घड्याळ नंतर. पण घ्याच. यंत्र बंद पडले तर वेळ सांगणारा दुसरा साक्षीदार मनगटावर हवा.

ते निवडताना २०० मीटर क्षमता, आटे असलेली चावी, ओल्या बोटांनीही फिरेल अशी बेझल, ठसठशीत काटे आणि रबरी किंवा नायलॉनचा लांब पट्टा एवढे पाहावे. चामड्याचा पट्टा नको. घड्याळात शिरलेला वायू बाहेर सोडणारा हेलियम व्हॉल्व्ह हवा तो दिवसेंदिवस दाबकक्षात राहून काम करणाऱ्यांना. हौशी पाणबुड्याने त्यासाठी पैसे घालू नयेत. वर्षातून एकदोनदाच समुद्र गाठणाऱ्याला क्वार्ट्झ सोयीचे, कारण कपाटात पडून राहिले तरी ते चालू असते. सेल मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत बदलू नका. मागचे झाकण उघडले की रबरी रिंग बदलून, दाबाची चाचणी करूनच ते पुन्हा पाण्यात न्यावे. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या काचेखाली ठेवले तर हेच रबर लवकर कडक होते. डुबकीनंतर गोड्या पाण्यात धुवा, आणि पाण्याखाली चावीला हात लावू नका.

आपल्याला या घड्याळाचे आणखी एक काम आहे. समुद्रावरून परतताना सोलापूरकराला घाट चढावा लागतो. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणजे शरीरात उरलेल्या नायट्रोजनला बुडबुडे व्हायला वाव. विमानप्रवासासाठी रूढ सल्ला असा: एका डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास थांबावे. दोन हजार फुटांवरच्या घाटालाही हाच हिशेब लावावा. दुपारी पाण्याबाहेर आलात, तर ती वेळ टिपून ठेवा, रात्र मालवणातच काढा आणि तास पुरे झाल्याशिवाय गाडी घाटाकडे वळवू नका.