कुंडीतील टोमॅटोचे खतपाणी

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायानिमित्त शहरांत स्थिरावले आहेत. कोणाच्या वाट्याला चाळीतील खोली आली, तर कोणाच्या वाट्याला सदनिकेची चार फुटी गॅलरी. गावाकडच्या पालकांपैकीही पुष्कळांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. स्वयंपाकघरात रोज लागणारे एक फळ अशा सर्वांना स्वतःच्या हाताने पिकवता यावे, हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी एक कुंडी आणि दिवसाकाठी सहा तास ऊन मिळणारी जागा पुरेशी असते. तरीही अनेक घरांत रोप उंच वाढते, फुलांनी भरते आणि दोन-चार फळे देऊन थांबते. त्याचे कारण बहुधा खताच्या मोजमापात असते.

टोमॅटो हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातील. मेक्सिकोमध्ये त्याची लागवड होत असे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे युरोपीयांबरोबर तो भारतात आला. या पिकाची भूक मोठी असते. शेतातील रोपाची मुळे दूरवर पसरून अन्न शोधतात. कुंडीतील रोपाला मात्र पंधरा-वीस लिटर मातीपलीकडे जग नाही. शिवाय आपण पाणी घालतो, तेव्हा विरघळलेली अन्नद्रव्ये कुंडीच्या तळाच्या छिद्रांवाटे वाहून जातात. म्हणून कुंडीतील टोमॅटोला एकदाच भरपूर खत देऊन भागत नाही; त्याला थोडे थोडे आणि नियमित द्यावे लागते.

वनस्पतीच्या अन्नात नत्र, स्फुरद व पालाश ही तीन द्रव्ये प्रमुख होत. नत्राने पाने व फांद्या वाढतात, स्फुरदाने मुळांना व फुलांना बळ येते, तर पालाशामुळे फळ भरते आणि त्याला रंग व चव येते. कार्ल स्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ च्या सुमारास एक नियम मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी तो सर्वदूर पोहोचवला. जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असते, त्याच्या मर्यादेतच पिकाची वाढ होते, असे हा नियम सांगतो. पालाश अपुरे असताना नत्र दुप्पट केले, तर झाड हिरवेगार दिसेल, पण फळे वाढणार नाहीत.

आरंभ योग्य मिश्रणापासून करावा. कुंडी किमान बारा इंच खोल व तितकीच रुंद असावी आणि तिच्या तळाशी निचऱ्याची छिद्रे असावीत. नुसती काळी माती कुंडीत आवळून बसते व भेगाळते. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण घ्यावे. त्यात एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचा चुरा मिसळावा. अर्धवट कुजलेले शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे करपतात.

रोप लावल्यावर पहिले दोन आठवडे वेगळे खत देऊ नये. त्यानंतर फुले दिसेपर्यंत १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात घेऊन, दर कुंडीस आठवड्यातून एक लिटर द्यावे. पिशवीवरील हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांचे शेकडा प्रमाण दाखवतात. फुलोरा आला की रोपाची गरज बदलते. तेव्हा त्याच प्रमाणात १३:०:४५ हे पालाशप्रधान खत सुरू करावे व फळे उतरेपर्यंत चालू ठेवावे. ज्यांना केवळ सेंद्रिय मार्ग हवा, त्यांनी दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत आणि महिन्यातून एकदा मूठभर निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळावी. फुलोऱ्यानंतर महिन्याला एक चमचा चुलीची राख दिल्यास पालाश मिळते. मात्र राख अल्कधर्मी असल्याने तिचा अतिरेक टाळावा.

येथे युरियाविषयी सांगणे आवश्यक आहे. तो स्वस्त असतो व शेतकरी कुटुंबांत सहज सापडतो, म्हणून चमचाभर युरिया कुंडीत टाकण्याचा मोह होतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. चहाच्या एका चमच्यात सुमारे चार ग्रॅम युरिया मावतो, म्हणजे जवळजवळ १.८ ग्रॅम नत्र. वर सांगितलेल्या एक लिटर द्रावणात नत्र जेमतेम ०.३८ ग्रॅम असते. जवळपास पाच आठवड्यांचे नत्र एका दिवशी मिळाल्यावर मुळे करपतात किंवा झाड नुसतेच पानाळते.

फळाचे बूड काळे पडून खोलगट होणे, ही कुंडीतील टोमॅटोची नेहमीची तक्रार. हा संसर्गजन्य रोग नव्हे. फळाला कॅल्शियम न पोहोचल्याचे ते लक्षण आहे. कॅल्शियम पाण्याबरोबरच प्रवास करते. कुंडी एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिखल अशी राहिली, तर मातीत कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत जात नाही. म्हणून पहिला उपाय नियमित पाणी हाच होय. अंड्याच्या टरफलांची बारीक पूड लागवडीच्या वेळी मिश्रणात घालणे चांगले; पण ती फार सावकाश विरघळत असल्याने बिघडलेल्या फळांवर तिचा उपयोग होत नाही. ती फळे काढून टाकावीत.

झाड आपली गरज पानांतून सांगत असते. खालची जुनी पाने सर्वत्र पिवळी पडली तर नत्र कमी आहे. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळल्या तर पालाश कमी. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, आणि हेच लक्षण कोवळ्या पानांवर दिसले तर लोह कमी समजावे. पाने गडद, दाट आणि फुले नाहीत, तर नत्राचा अतिरेक झाला आहे.

शेवटी दोन पथ्ये. कोरड्या मातीत खत कधीही देऊ नये. आधी साधे पाणी द्यावे, मग द्रावण. आणि मातीवर पांढरा थर दिसू लागला तर तो साचलेल्या क्षारांचा समजून, खत थांबवावे व तळातून भरपूर पाणी वाहून जाईल असे एकदा कुंडीला धुऊन घ्यावे. आठवड्याचा एक ठराविक वार खतासाठी नेमून दिनदर्शिकेवर खूण केली, तर घरातील शाळकरी मूलही हे काम बिनचूक करू शकते. लागवडीपासून साधारण दोन-अडीच महिन्यांत पहिली पिकलेली फळे हाती येतात.