घोड्याच्या दुखापतीवर शेक

दुखावलेल्या भागाला बाहेरून बेताची उष्णता देणे म्हणजे शेक. उष्णतेने तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तपुरवठा वाढतो, आखडलेले स्नायू सैल होतात आणि वेदना कमी होते.

शहादा तालुक्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. परप्रांतांतूनही घोडे ट्रकने येतात. हेलकावणाऱ्या गाडीत तोल सांभाळत तासन्‌तास उभे राहिल्याने त्यांची पाठ आणि मांड्या आखडतात. अशा आखडलेल्या स्नायूंना शेकाने आराम पडतो.

पायाचे मात्र वेगळे आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात; असतात ती हाडे, कंडरा आणि अस्थिबंध. वेगात धावताना किंवा खड्ड्यात पाय पडून कंडरा ताणली, की पाय सुजतो, हाताला गरम लागतो आणि घोडा लंगडतो. त्या वेळी शेक दिल्यास सूज वाढते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस गार पाण्याची धार किंवा कापडात गुंडाळलेला बर्फच वापरावा. पायाची गरमी उतरली आणि सूज वाढायची थांबली, की मग शेकाची पाळी येते.

शेकाला साधने साधीच लागतात. जाड टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून दुखऱ्या भागावर ठेवावा आणि निवला की बदलावा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा शेक पुरतो. पाणी आधी आपल्या मनगटावर पाहावे. आपल्याला सोसत नसेल, तर घोड्यालाही सोसणार नाही. शेकानंतर अंग कोरडे करून वाऱ्यापासून जपावे. खुरात पू झाला असेल, तर खूर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून बुडवतात किंवा त्यावर गरम कोंड्याचे पोटीस बांधतात. त्याने खूर मऊ होऊन पू बाहेर पडायला वाट मिळते. खुरात खिळा घुसला असेल, तर धनुर्वाताची लस आवश्यक असते, कारण घोड्याला या रोगाचा धोका फार असतो.

उघडी जखम, रक्तस्राव, हाड मोडल्याची शंका किंवा बधिर झालेली त्वचा असेल, तर शेक देऊ नये. झोंबणारा मलम लावलेल्या जागी शेक दिल्यास कातडी भाजते. खुरांच्या आतल्या थराला नुकतीच सूज आली असेल, तर तिथे गारवाच हवा. श्रमानंतर घोडा ताठरला, पाऊल टाकेना आणि लघवी गडद होऊ लागली, तर स्नायूंना गंभीर इजा झालेली असू शकते. अशा घोड्याला न चालवता पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे.

तापल्या लोखंडाने डागणे हा शेक नव्हे. डाग कातडी जाळतो, घोड्याला यातना देतो आणि त्याने कंडरा लवकर सांधत नाही. ती सांधायला विश्रांती, बेताची चाल आणि कित्येक महिन्यांचा धीर लागतो; शेक त्याला जोड देतो.