पेन ड्राइव्हची हजेरी का चुकते?

शाळेतल्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बिघडली, की बहुधा सगळा संगणकच कोपऱ्यात जातो. वास्तविक त्याचा प्रोसेसर, स्मृती, पडदा हे सारे शाबूत असते. मग हार्ड डिस्कचे काम पेन ड्राइव्हकडून का करून घेऊ नये? लिनक्स ही कार्यप्रणाली विनामूल्य मिळते, पेन ड्राइव्हवर मावते आणि तिच्या अंतरंगात फेरफार करण्याची मुभाही असते. पण २००० नंतरच्या काही वर्षांत हा प्रयोग करणाऱ्या अनेकांना चमत्कारिक अनुभव येई. संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू होई, पडद्यावर ओळी सरसर सरकत आणि मग सारे ठप्प! शेवटच्या ओळीचा मथितार्थ असा, की मूळ फाइलप्रणाली सापडत नाही. ज्या पेन ड्राइव्हवरून आत्ता सुरुवात झाली, तोच सापडत नाही, हे कसे?

याचे कारण असे, की पेन ड्राइव्ह दोनदा आणि दोन वेगळ्या वाचकांकडून वाचला जातो. पहिला वाचक म्हणजे मदरबोर्डवरील चिपमधली बायोस ही आज्ञावली. तिच्या मदतीने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल (लष्करातला कर्नल नव्हे!), स्मृतीत येतो. त्यानंतर कर्नेल बायोसवर विसंबत नाही. सगळी उपकरणे तो स्वतः नव्याने शोधतो. यूएसबी वाचण्याची आज्ञावली कर्नेलमध्येच नसेल आणि पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवलेली असेल, तर कपाटाची किल्ली कपाटातच राहिली म्हणायची. म्हणून कर्नेल तयार करतानाच ती त्यात मुरवावी लागते. पण एवढे करूनही गाडी अडत असे.

आता यूएसबीची रीत पाहू. नवे उपकरण दिसले, की जोडणी स्थिर होण्यासाठी सुमारे १०० मिलिसेकंद थांबायचे. मग त्याला रिसेट करायचे. या क्षणी प्रत्येक उपकरणाचा क्रमांक शून्य असतो, वर्गात नव्याने आलेल्या मुलासारखा. नंतर त्याला १ ते १२७ पैकी एक क्रमांक मिळतो. मग 'तू कोण?' ही विचारपूस होते. 'मी साठवणीचे साधन' असे उत्तर आले, की ते स्थिरावण्यासाठी आणखी थोडे थांबायचे. कर्नेलच्या २.६ मालिकेत हा थांबा बराच काळ तब्बल पाच सेकंदांचा होता. त्यानंतर कुठे त्यावरचे विभाग वाचले जातात आणि पेन ड्राइव्ह डिस्क म्हणून हजर होतो.

ही सारी विचारपूस एकीकडे चालू असताना कर्नेलचे मुख्य काम पुढे सरकत राहते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्का सुरुवातीच्या तपासणीतच 'हजर' म्हणत, त्यामुळे कर्नेलने कोणासाठी थांबावे असे कोणाला वाटलेच नव्हते. गुरुजींनी हजेरी घेतली आणि वही मिटली. मुलगा फाटकापर्यंत पोहोचला होता, तरी लागली गैरहजेरी!

रोग कळल्यावर औषध अगदी साधे निघाले. कर्नेल मूळ फाइलप्रणाली जोडतो त्या जागी चार-दोन ओळी घालायच्या: डिस्क नसेल तर जरा थांब, पुन्हा पाहा. असा बदल ज्या फाइलीतून देतात तिला पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. हे नाव फार समर्पक आहे, कारण एके काळी कागदी फितीवरच्या आज्ञावलीत दुरुस्ती करताना खरोखरीच फीत कापून तुकडा चिकटवत. आजच्या ठिगळात काढायच्या ओळीपुढे वजाचे आणि घालायच्या ओळीपुढे अधिकचे चिन्ह असते. आजूबाजूच्या काही ओळीही दिलेल्या असतात, त्यावरून नेमकी जागा ओळखता येते. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेली 'पॅच' ही आज्ञावली ते ठिगळ बसवते. मग कर्नेल पुन्हा संकलित करायचा.

पण थांबायचे किती? ठरावीक दहा सेकंद म्हटले, तर चपळ पेन ड्राइव्हलाही ताटकळावे लागते आणि एखाद्या मंद ड्राइव्हला तेही अपुरे पडतात. डिस्क येईपर्यंत थांबावे, तर ड्राइव्ह काढून घेतल्यावर कर्नेल जन्मभर वाट पाहत बसेल. आम्हाला दुसरा मार्ग बरा वाटतो. निदान पेन ड्राइव्ह लावला की काम पुढे सरकते. पुढे दोन्ही सोयी अधिकृत कर्नेलमध्येच आल्या. 'रूटडिले'मध्ये सेकंद सांगायचे, तर २००७ मध्ये आलेल्या 'रूटवेट'मध्ये डिस्क येईपर्यंत थांबणे. त्यामुळे आता ठिगळाची गरज उरलेली नाही. बहुतेक लिनक्स संचांत तर स्मृतीत उभारलेली एक छोटी तात्पुरती फाइलप्रणाली हे वाट पाहण्याचे काम करते.

शाळेत रास्पबेरी पाय असेल, तर त्याच्या 'सीएमडीलाइन' नावाच्या फाइलीत 'रूटवेट' हा शब्द मुलांना शोधायला सांगा. कोणत्याही लिनक्स संगणकावर 'डीमेसेज' ही आज्ञा दिली, की कर्नेलच्या नोंदी दिसतात (कधी कधी प्रशासकाचे अधिकार लागतात). प्रत्येक नोंदीपुढे संगणक सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात. पेन ड्राइव्ह लावून यूएसबी उपकरण दिसल्याची आणि डिस्क तयार झाल्याची अशा दोन वेळा वहीत उतरवून घ्या व वजाबाकी करा. मग दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह घ्या. तोच ड्राइव्ह यूएसबी हबमधून जोडला तर उत्तर बदलते का, हेही पाहा.