हेडफोनच्या भोकातून जीएसएमच्या पोटात

२००५च्या आसपास ज्यांनी आयुष्यातला पहिला मोबाइल घेतला, त्यांच्यापैकी अनेकांना मोटोरोलाचा सी११५ आठवत असेल. कृष्णधवल पडदा, कॅमेरा नाही, ब्लूटूथ नाही. पुढे तो खणात गेला, मग भंगारात. मात्र २०१० साली हाच फोन आणि त्याची भावंडं, सी११८ आणि सी१२३, युरोपातल्या हॅकर मंडळींनी शोधून शोधून विकत घ्यायला सुरुवात केली.

मोबाइलमध्ये टॉवरशी बोलणारी बेसबँड चिप म्हणजे कुलूपबंद पेटी. आत काय चालतं ते चिप बनवणारी कंपनी सांगत नाही आणि फोन बनवणाराही सांगत नाही. या स्वस्त फोनांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ‘कॅलिप्सो’ चिप होती आणि तिची बरीचशी कागदपत्रं आधीच बाहेर फुटली होती. जर्मनीतल्या हॅराल्ड वेल्टे आणि त्याच्या साथीदारांनी २०१०च्या सुरुवातीला ‘ऑस्मोकॉमबीबी’ हा मुक्त प्रकल्प उभा केला तो याच आधारावर. वेल्टेला ही चिप नवी नव्हती. ओपनमोको या मुक्त फोन-प्रकल्पाच्या ज्या फोनवर त्याने काम केलं होतं, त्यातही कॅलिप्सोच होती.

आत शिरायची वाट तर गंमतशीर. इअरफोनसाठी ठेवलेलं अडीच मिलिमीटरचं भोक सिरियल पोर्ट म्हणूनही चालतं. तिथे केबल खुपसायची, दुसरं टोक कॉम्प्युटरला जोडायचं, कमांड द्यायची आणि फोनचं पॉवर बटण हलकेच दाबायचं. चालू होता होता फोन केबलवर कानोसा घेतो. तेवढ्यात आपला प्रोग्रॅम त्याच्या रॅममध्ये उतरवायचा. मूळ सॉफ्टवेअरला हातही लागत नाही. बॅटरी काढून परत घातली की फोन पूर्ववत. रेडिओचं, क्षणाक्षणाला वेळ सांभाळण्याचं काम फोनकडे आणि वरचा सगळा संवाद कॉम्प्युटरवर, अशी वाटणी. टॉवर कोणता संदेश पाठवतो आणि फोन काय उत्तर देतो, हे विद्यार्थ्याला ओळीओळीने पडद्यावर वाचता आलं. माझ्या मते या प्रकल्पाची खरी कमाई हीच.

गाजावाजा मात्र दुसऱ्याच गोष्टींचा झाला. डिसेंबर २०१०मध्ये बर्लिनच्या हॅकर संमेलनात कार्स्टन नोल आणि सिल्व्हॅं म्युनो यांनी असे चार फोन आणि कूटलेखन फोडण्यासाठी आधीच गणित करून ठेवलेले तक्ते वापरून जीएसएम म्हणजे टू-जी नेटवर्कवरचं संभाषण उलगडून दाखवलं. तोवर असल्या कामाची उपकरणं फार महाग असत. दोन वर्षांनी म्युनोने याच फोनला छोटा टॉवर बनवलं. २०१३मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनी, दुसऱ्याला आलेल्या हाकेला त्याच्याआधी ‘ओ’ देणारा फोन तयार केला. नेटवर्क फोनवर किती आंधळा विश्वास टाकतं, हे त्यातून उघडं पडलं.

त्यानंतर वाटा बुजत गेल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तर मोबाइल बेसबँडचा धंदा आधीच सोडायला घेतला होता. नव्या चिपा सही नसलेला प्रोग्रॅम उतरवूनच घेत नाहीत. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर इथल्या कंपन्यांनी २०१६-१७पासून टू-जी बंद करायला सुरुवात केली आणि ऐकायला टॉवरच उरेनासे झाले. आता थोड्या पैशांत मिळणारे सॉफ्टवेअर रेडिओ पुष्कळ आहेत, पण बहुतेक स्वस्त डोंगल नुसते ऐकतात. जुन्या फोनकडे प्रक्षेपण करणारा सगळा जामानिमा तयार असतो.

तोच त्याचा धोकाही. आपल्याकडे ९०० आणि १८०० मेगाहर्ट्‌झवर परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं गुन्हा आहे. हॅम रेडिओचा परवाना असला तरी हे पट्टे त्यात येत नाहीत. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं तर नाहीच नाही. टॉवर सर्वांसाठी जे जाहीर करतो, त्याचा अभ्यास एवढीच मर्यादा नवशिक्याने पाळावी.

भारतात टू-जी अजून चालू आहे. तेव्हा खणातला फोन भंगारवाल्याला देण्याआधी बॅटरी काढून खालच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक वाचा. सी११५, सी११८ किंवा सी१२३ निघाला, तर ओळखीतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला द्या आणि जमलं तर चार्जरही सोबत द्या.