घडणावळ कशाची द्यायची?

सराफाच्या पावतीवरचा सोन्याचा भाव ग्राहक मुकाट मान्य करतो आणि घडणावळीचा आकडा आला की घासाघीस सुरू करतो. सोने घरात राहते, घडणावळ मात्र पाण्यात जाते, असा समज त्यामागे असतो. हॉलमार्कमधल्या ९१६ या आकड्यावरून हजार भागांत ९१६ भाग सोने, म्हणजे २२ कॅरेट, एवढे कळते. दागिना किती निगुतीने घडवला आहे, हे ओळखायला कारागिराच्या कामाची भाषा थोडीतरी यायला हवी.

कोल्हापुरी साजाचेच पाहा. मुशीत आटवलेले सोने ठोकून त्याचा पातळ पत्रा करतात. ठोकताना धातू कडक होतो, म्हणून त्याला मधूनमधून ताव द्यावा लागतो. तो चुकला तर पत्रा चिरतो. हा पत्रा ठशावर ठोकला की पानडीवर नक्षी उठते आणि पोकळ पानडी दबू नये म्हणून आत लाख भरतात. तार काढायची तर जंत्री, म्हणजे भोके पाडलेली पोलादी पट्टी, लागते. तिच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढतात. सगळ्यांत नाजूक काम झाळण्याचे. सांधा जोडणारा डाक दागिन्याच्या सोन्याआधी वितळला पाहिजे, म्हणून त्यात इतर धातू मिसळतात. डाक सढळ वापरला तर दागिन्याचा कस उतरतो. केडीएम नावाच्या डाकात कॅडमियम वापरल्याने कस टिकला, पण त्याच्या वाफा कारागिराच्या फुप्फुसांना घातक ठरतात.

यंत्रावरचा दागिना स्वस्त आणि एकसारखा असतो, हे खरेच. साध्या भरीव साखळीसाठी तो उत्तमच. पोकळ यंत्रसाखळी तुटली, तर मात्र तिचा पातळ पत्रा झाळताना सहज वितळतो. मोडीत घडणावळ परत मिळत नाही, हा आक्षेपही रास्त आहे. केवळ गुंतवणूक करायची असेल त्याने वळे घ्यावे. पण दागिना घेणाऱ्याने मजुरी आणि घट वेगवेगळी विचारावी. कानशीने घासताना सोन्याचा कीस पडतो, त्यापोटी घट लावली जाते. मात्र कारखान्यातली धूळ धुऊन झारेकरी त्यातले बरेचसे सोने परत काढतात. तेव्हा घासाघीस घटीच्या टक्क्यांवर करावी, लाखेचे वजन वजा केले आहे का ते पाहावे आणि दागिना उलटा करून सांधे तपासावेत. ते स्वच्छ असतील, तर कारागिराची मजुरी कापू नये. ती त्याच्या कौशल्याची किंमत आहे.